मैदान डावीकडे होतं

करुणा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माइकवर जे बोलले, त्यावरून आज सकाळपासून दुकानात येणारी प्रत्येक बाई ब्लाऊजचं कापड पुढे करायच्या आधी मला धारेवर धरते आहे. "काहून वं रेखाताई, गेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत असं कोणी बोलते का?" मी तोंडात टाचण्या धरते आणि नुसती मान हलवते. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, आमच्या शिवणकामातला हा एक मोठा फायदा आहे.

मी थकले आहे गं. तू गेल्यापासून लोकांना उत्तरं देऊन देऊन थकले आहे. आधी विचारायचे, कशानं गेली? ताप आला, म्हणायचे मी. मग म्हणायचे, "धावत होती ना लय, त्यानंच अंगातली ताकद गेली असन." तापाचा आणि धावण्याचा काय संबंध, हे मी सुरुवातीला समजावून सांगत बसले. नंतर सोडून दिलं. त्यातले निम्मे लोक तर चार पायऱ्या चढून धापा टाकत दुकानात आलेले असतात.

आता हे नवीन. मी तुझा अपमान केला म्हणे. तुला तसं वाटलं का, हे विचारायला तू नाहीस, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. कालही तू तिथे होतीस म्हणा, टेबलावर, पांढऱ्या फुलांच्या हारात, त्या युनिफॉर्ममधल्या फोटोत. पण फोटोतलं माणूस मध्ये तोंड घालत नाही, आणि तू मध्ये तोंड न घालता माझं एखादं वाक्य पूर्ण होऊ दिलंस, असं काही मला आठवत नाही.

आपली ओळखच त्या युनिफॉर्ममुळे झाली. माझं दुकान वणीच्या बसस्टँडसमोर, तू तिथल्या डेपोत कंडक्टर. रोज एकमेकींना पाहायचो, पण बोलणं नव्हतं. एके दिवशी तू तुझा नवा खाकी शर्ट माझ्या टेबलावर आपटलास. "पाह्य ना वं ताई, बाईच्या मापाचा म्हणून देल्ला. खांदा कुठं अन् मी कुठं! दोरीवर वाळू घातल्यासारखी दिसतो मी यात." मी खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या. तू तोवर बाकावर बसून मला न्याहाळत होतीस, आणि उठताना म्हणालीस, "सकाळी पहिली गाडी घेऊन गेली तवा तू याच जाग्यावर होती. मारेगावहून आली, तू इथंच. यवतमाळहून आली, तरी इथंच. पाठीले मुंग्या नाही येत तुले?"

येत होत्या. पण मला कोणी विचारलं नव्हतं. घरात सगळे चांगले आहेत, आमचे हे चांगले आहेत, मुलगा चांगला आहे. पण माझी पाठ ही मशीनचाच एक भाग आहे अशी सगळ्यांची समजूत होती, आणि हळूहळू माझीही झाली होती. तू आलीस आणि म्हणालीस, उद्यापासून सकाळी चालायला जायचं. तुझी साखर काठावर आली होती, डॉक्टरनी चालायला सांगितलं होतं, आणि एकटीनं चालायचा तुला कंटाळा. दिवसभर पन्नास माणसांत उभं राहणारी तू, तुला गप्प चालणं कसं जमणार?

चालण्याचं धावणं झालं तेही तुझ्या ड्यूटीमुळेच. एका सकाळी बोलण्याच्या नादात आपण मारेगाव रोडला फार पुढे गेलो. तुझी गाडी सुटायची वेळ झाली. तू ओढणी कमरेला खोचलीस आणि पळत सुटलीस, मी मागून. स्टँडवर पोहोचलो तेव्हा घशातून शिट्टी वाजत होती, आणि आपण दोघी दात काढून हसत होतो. दुसऱ्या दिवशी गाडीला भरपूर वेळ होता, तरी परतीचा रस्ता आपण पळतच आलो.

मग लोकांनी काय काय म्हणून घेतलं! तो मोटरसायकलवाला आठवतो? जवळ येऊन गाडी हळू केली, बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "बाई, बस चुकली काय? बसा, सोडून देतो स्टँडवर." तू पळता पळताच म्हणालीस, "मी कंडक्टर हाओ भाऊ. बसले मी चुकतो, मले बस कशी चुकन?" त्याला काही समजलं नाही. मलाही नाही. पण तो निघून गेला.

कोळशाच्या गावात धावायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पहाटेपासून ट्रक सुरू, ताडपत्रीखालून कोळशाची बुकटी उडते, नाकाला ओढणी बांधली तरी रुमालावर काळं उमटतंच. तुझे मालक, आमचे भाऊजी, खाणीत कामाला. त्यांच्याकडून तू गुळाची सवय उचलली होतीस. खाणीतले लोक घशातली धूळ उतरावी म्हणून गूळ खातात. तू मुठीत खडा घेऊन यायचीस, अर्धा माझ्या तोंडात कोंबायचीस आणि म्हणायचीस, "चघळ, गिळू नको." साखर काठावर असलेली बाई रोज सकाळी गूळ खाते, यावर मी बोलले की तू म्हणायचीस, "थे वेगळी, हे वेगळं." अशी तुझी उत्तरं.

आणि मग ती शर्यत.

गावातल्या काही डॉक्टरांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून भरवली होती. मैदानातून निघायचं, मारेगाव रोडनं पेट्रोल पंपापर्यंत जायचं, वळसा घालून परत गावात, पाण्याच्या टाकीच्या चौकात डावीकडे वळलं की मैदान. रोजचाच रस्ता. मी नावं नोंदवून आले, आणि येताना एक बातमी घेऊन आले: आपल्या वयोगटात बायका तीनच. तू, मी आणि शाळेतल्या एक बाई. म्हणजे तीन नंबर आणि तीन बायका. पोहोचलं की झालं, पदक ठरलेलं.

करुणा, तुला कधी कळलंच नाही की मला ते पदक किती हवं होतं. तू त्याला "ताटलीएवढा बिल्ला" म्हणायचीस. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे पूर्ण केले. काज, बटण, तुरपाई, इस्त्री, आणि पिशवीत घालून देऊन टाकायचं. माझ्या हातात काही राहत नाही. मला वाटायचं, एक काहीतरी असावं, जे मी पूर्ण केलं आणि जे माझ्याकडेच राहिलं. त्यासाठी तर मी दोघींचे टी-शर्टसुद्धा मापात करून घेतले होते. आयोजकांनी सगळ्यांना एकाच मापाचे दिले होते, तुझा तर गुडघ्यापर्यंत येत होता.

त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. थंडी सरत आलेली, वावरातला हरभरा सोंगणीला आलेला. जाताना सगळं मजेत गेलं. वेंधळेपणानं लोक सुरुवातीलाच जोरात सुटले आणि आपण एकेकाला मागे टाकत गेलो, तू प्रत्येकाला जाता जाता काहीतरी बोलत. "बँकेतले साहेब, सावकाश. गाडीत जागा आहे." पंपाशी वळलो आणि समोर पाहिलं तर चंद्रपूरकडचं आभाळ काळं झालेलं. नुसतं ढगाळ नाही, खाली उतरलेलं. आधी वारा आला. रस्त्यावरची सगळी बुकटी उठली आणि डोळ्यांत गेली. मग पाऊस, आणि दोन मिनिटांत गारा. हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. टकलावर गार बसलेला एक गृहस्थ "अरे बाप" म्हणून खालीच बसला.

पुढे काही दिसेना. रस्त्यावर कोळशाचा चिखल झाला, पाय सरकायला लागले. लोक मिळेल तिथे घुसले. मी उभ्या ट्रकच्या मागे जाऊन ताडपत्रीचं टोक डोक्यावर ओढलं. तिथे मी थरथरत होते, आणि खरं सांगते, मला रडू येत होतं. गारांचं नाही. पदक गेलं म्हणून.

तेवढ्यात तुझा आवाज आला. "चला चला चला! कोणी राह्यलं का मागं? ओ काका, उठा. थांबलं तं थंडीनं मरान. चाला, धरा एकमेकायले." तो गर्दीच्या बसमधला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. ट्रकच्या मागून, पानटपरीच्या छपराखालून, झाडाखालून माणसं बाहेर आली. मीही आले. तू पुढे, हात वर करून, आणि मागे आम्ही दहा-बारा जण, काळेकुट्ट, कोण बाई आणि कोण पुरुष हे सुद्धा कळेना. चौक आला. तिथे झेंडी घेऊन उभा राहायचा स्वयंसेवक कधीच कुठल्या तरी पत्र्याखाली गेला होता. मैदान डावीकडे होतं. तू उजवीकडे वळलीस. आणि आम्ही सगळे तुझ्या मागे.

पाचच मिनिटांत आम्ही बसस्टँडच्या फलाटावर उभे होतो.

तू थांबलीस. वर पत्र्याकडे पाहिलंस, उभ्या लाल गाडीकडे पाहिलंस. आणि म्हणालीस, "अरे!"

त्या "अरे"वर आपण दोन वर्षं भांडलो.

माझं म्हणणं, तू रस्ता चुकलीस. आयुष्यभर त्या चौकातून गाडी स्टँडकडेच वळली, डोळ्यांनी दिसेना तेव्हा तुझे पाय स्टँडकडे वळले. साधी गोष्ट आहे. तुझं म्हणणं, छट्! "म्या मुद्दाम आणलं तुम्हाले. मैदानात काय होतं? वर उघडं आभाळ. इथं पत्रा आहे, चहा आहे. लोकायले सुखरूप पोहोचवणं माह्यं काम." मग तो "अरे" कशाला? तर म्हणे, पांढरकवड्याची गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी फलाटालाच लागलेली होती, ती पाहून "अरे".

त्याच वेळी मैदानात त्या शाळेतल्या बाई चालत चालत पोहोचल्या होत्या. छत्री घेऊन. त्यांना पहिला नंबर मिळाला. दुसरा आणि तिसरा कोणालाच नाही. ते ऐकल्यावर मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. तू रोज सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहायचीस आणि रोज मी आतून सांगायचे, डोकं दुखतंय. शेवटी तू आतच आलीस. "अवं रेखे, बस झालं आता. पुढच्या वर्षी दोन घेऊ." पुढच्या वर्षी शर्यत झालीच नाही. ह्या वर्षी आहे. त्यासाठीच तर आपण पुन्हा धावायला लागलो होतो.

तुझ्याजवळ एकच बिनतोड मुद्दा होता, आणि तो काढलास की मी चिडायचे. "मी चुकली, हे ठीक. मंग तू काहून आली मागं? रोज त्याच चौकातून जातं तू. तुले मैदान नाही माहीत?" मी म्हणायचे, गर्दीत ढकलले गेले, डोळ्यांत बुकटी होती, काही दिसत नव्हतं.

दिसत होतं, करुणा. चौकात आल्यावर मी डावीकडे पाहिलं होतं. मैदानाची भिंत मला दिसली. मला माहीत होतं, इकडे वळलं की पदक आहे. ओरडून तुला थांबवायलाही वेळ होता. पण तू उजवीकडे जाताना दिसलीस आणि मी तुझ्या मागे आले. त्या गारांत तुझ्यापासून वेगळं होऊन एकटीनं कुठेही जायला माझे पाय तयार नव्हते. एवढंच कारण. दोन वर्षं हे तुला सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तू मला किती चिडवलं असतंस, डेपोतल्या ड्रायव्हरांना सांगितलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.

नागपूरच्या दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा हे ओठावर आलं होतं. साधा ताप म्हणून आधी चंद्रपूरला नेलं, मग नागपूरला, आणि मी आले तेव्हा तू त्या पलंगावर एवढीशी दिसत होतीस की तुझा तो शर्ट मला पुन्हा आत घ्यावा लागला असता. हाताला सुया, ओठ सुकलेले. मला पाहून म्हणालीस, "धावतं का नाही तू रोज?" मी म्हटलं, एकटीनं कंटाळा येतो. "धाव. नाही तं पुन्हा मशीन होशीन तू." मग थोड्या वेळानं मीच विषय काढला, तुला हसवायला. खरं सांग ना करुणा, तू चुकली होतीस की नाही? तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बरी होऊ दे मले. मंग सांगतो."

मी म्हटलं, बरं. आणि आले निघून. मला वाटलं पुढच्या रविवारी परत जाऊ.

आता कालचं सांगते. तुझ्या गल्लीत मंडप घातला होता. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मग आदरांजलीची भाषणं. डेपोतले लोक आले होते, तुझ्या फेरीच्या गावांतल्या किती बाया आल्या होत्या, त्यांतल्या काहींना तर तुझं नावही माहीत नव्हतं, "मारेगाववाल्या कंडक्टरबाई" एवढंच. सगळे चांगलं बोलले. फारच चांगलं. तू कधी कोणावर रागावली नाहीस म्हणे. मी मनात म्हटलं, हे कोणत्या करुणाबद्दल बोलताहेत? सुट्ट्या पैशांवरून तू ज्या माणसाला मारेगावपासून वणीपर्यंत ऐकवत आणलं होतंस, तो समोरच बसला होता आणि मान डोलावत होता.

मग ते बँकेतले साहेब उठले, शर्यतीत आपल्या मागे होते ते. म्हणाले, "त्या दिवशी गारपिटीत करुणाताईंनी स्वतःच्या पदकाचा विचार केला नाही. मैदान समोर असताना त्यांनी आम्हा सर्वांना सुरक्षित जागी नेलं. असा त्याग!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायांनी डोळ्यांना पदर लावला. सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, आता त्यांच्या जिवलग मैत्रीण रेखाताई दोन शब्द बोलतील.

मी उठले. रात्रभर मी मनाशी वाक्यं जुळवली होती, सगळी विसरले. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि मला वाटलं, ही बाई आता यांच्या हाती लागली. आता वर्षभरात हिची गोष्ट इतकी गुळगुळीत होईल की हिचा आवाजही ऐकू येणार नाही. त्यागमूर्ती वगैरे. मला त्यागमूर्ती नको होती. मला ती बाई हवी होती जी गारांत हात वर करून, मोठ्या ऐटीत, बारा माणसांना चुकीच्या रस्त्यानं घेऊन गेली. तीच गेली आहे माझी. दुसरी कोणी गेली असेल तर मला माहीत नाही.

मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "थे रस्ता चुकली होती."

सरांनी माइककडे हात पुढे केला. मी माइक सोडला नाही. सगळं सांगितलं. चौक, उजवीकडे वळणं, फलाट, तो "अरे". तुझ्यासारखा हात कमरेवर ठेवून म्हणून दाखवला. साहेब खाली पाहायला लागले. आणि कुठून तरी फसकन आवाज आला. मला वाटलं कोणी रडलं. पाहिलं तर तुझी प्रेरणा. तू गेल्यापासून दगडासारखी बसलेली तुझी लेक पांढऱ्या साडीचा पदर तोंडात कोंबून हसत होती. तिच्या मागे तुझ्या गाडीचा ड्रायव्हर हसला, मग डेपोतले सगळे, मग त्या मारेगावच्या बाया. भाऊजींनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

काही लोक मात्र उठून गेले, तेही सांगते. तुझी मोठी नणंद माझ्याशी बोलली नाही. जेवताना माझ्या पंगतीत दोन जागा रिकाम्याच राहिल्या. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. घरी यावं आणि झोपून जावं असं वाटलं. सकाळी कोणी उठवायला येणार नाही, आणि उठून तरी काय करायचं, असं रोज वाटतं तसंच.

लोक गेल्यावर मी आणि प्रेरणा मंडपातल्या सतरंज्या झटकत होतो. ती एक टोक धरून उभी, मी दुसरं. ती म्हणाली, "मावशी, एक सांगू? आई खरंच चुकली होती. मले सांगतलं तिनं, त्याच रात्री फोनवर. म्हणे, पोरी, स्टँडवर जाऊन उभी झाली तवा समजलं मले. पण रेखीले सांगू नको, जिंदगीभर चिडवन थे. पुढच्या वर्षी मैदानात पोहोचलो का मीच सांगतो तिले, पदक गळ्यात पडल्यावर. मंग भांडणार नाही थे."

मी सतरंजी धरून उभी राहिले. दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते हातात आलं होतं. जिंकले होते मी. पण करुणा, तू बरी झालीस की सांगणार होतीस, ते सांगून झालं. मग आता तुझ्यामाझ्यात बाकी काय राहिलं?

"खोटं बोलली थे तुह्यापाशी," मी म्हणाले.

"मावशी! तुम्हीच तं आत्ता माइकवर..."

"माइकवर माणूस काहीही बोलते. तुही आई त्या चौकातून डोळे मिटून जाये. थे कशी चुकन? मैदानात पत्रा नाही, हे तिले माहीत होतं. मुद्दाम नेलं तिनं आमाले."

"नाही ना मावशी. आईनं सोताच्या तोंडानं सांगतलं मले."

"तू होती का तिथं? नागपुरात होती तू. मी होती तिच्या मागं."

"मंग थो अरे कायचा?"

"पांढरकवड्याची गाडी लेट होती, त्याचा."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सतरंजीचं टोक सुटून खाली पडलं. आवाज चढला तिचा, माझाही चढला, आतून भाऊजी पाहायला आले की या दोघींचं काय चाललं आहे. तिनं काही ऐकून घेतलं नाही. मीही घेतलं नाही. जाताना म्हणाली, उद्या दुकानात येतो मी, तुम्हाले समजावून सांगतो.

येईलच ती, तुझीच पोरगी आहे. मी हटणार नाही. दोन वर्षं तुझ्या विरुद्ध भांडले, आता कुठे तुझ्या बाजूनं भांडते आहे, आणि ऐकायला तू नाहीस.